गाडी जुनी चालेल, हेल्मेट नवेच हवे

ऊसबिल हाती आले की घरात जुन्या मोटारसायकलचा विषय निघतो. जरूर घ्या, पण कोल्हापूर भागात आधी एक गोष्ट पाहा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगाकाठी अनेक वाहने बुडाली. म्हणून सीट काढून पाहा. सांदीकोपऱ्यात गाळ असेल, वायरींची टोके हिरवी पडली असतील, ऑइल ताकासारखे पांढुरके असेल, तर ती गाडी नको.

गाडी घरी आली की प्रथम ऑइल बदला. चेन पुसून तिला ऑइल द्या. ती मधोमध सुमारे इंचभर वर-खाली हलावी. फार ताणली तर चेन आणि दातेरी चाक दोन्ही लवकर झिजतात. ब्रेक, टायर आणि मागचा दिवा यांत काटकसर नको. हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात.

हेल्मेट मात्र जुने घेऊ नका. त्यातील थर्मोकोल एकदा दबून डोके वाचवतो. पुन्हा पूर्ववत होत नाही. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे. चिन्ह पाहा, हनुवटीखालचा पट्टा आवळा. मागे बसणाऱ्या कारभारणीलाही हेल्मेट घ्या, तिचा पदर खोचलेला असू द्या.

बाकी खर्च थोडा. जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट पुरे. कोल्हापुरी चप्पल जत्रेला शोभते, गाडीवर नव्हे. जुन्या गाडीत वाचलेल्या पैशांतून पहिली खरेदी दोन हेल्मेटांची करा.