नालापाणीचा बलभद्र कुंवर

ऑक्टोबर 1814. डेहराडूनजवळ नालापाणीच्या टेकडीवर खलंगा हा छोटासा किल्ला. आत बायका-मुलांसह जेमतेम सहाशे माणसं, बाहेर कंपनी सरकारची हजारोंची फौज. किल्लेदार होता नेपाळचा कप्तान बलभद्र कुंवर.

पहिल्याच मोठ्या हल्ल्यात इंग्रज सेनापती जिलेस्पी ठार झाला. महिनाभर किल्ला पडला नाही. मग इंग्रजांनी पाणी तोडलं.

लढाई चालू असताना जबडा फुटलेला एक गुरखा इंग्रजांकडे उपचारांना आला आणि बरा होताच पुन्हा लढायला परत जाऊ द्या म्हणाला! अखेर सत्तरेक साथीदारांसह बलभद्र वेढा फोडून निसटला. पुढे पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांच्या फौजेतून लढताना 1823 मध्ये नौशेऱ्याला तो पडला.

डेहराडूनला गेलात तर खलंगा स्मारक जरूर पाहा. शत्रू असलेल्या बलभद्रचा गौरव तिथे इंग्रजांनीच कोरून ठेवलाय.