भजनाची सरकारला धास्ती का वाटली?

भजन म्हणणाऱ्या माणसाला सरकारने तुरुंगात का टाकावे? आम्हा वऱ्हाडकरांना हा प्रश्न तुकडोजी महाराजांमुळे पडतो. त्याचे उत्तर शोधताना मला पंजाबातल्या कुक्यांची आठवण होते.

१८५७ साली लुधियाना जिल्ह्यातल्या भैणी गावी बाबा रामसिंग यांनी शिखांमध्ये नामधारी पंथाची बांधणी केली. भजनात रंगले की त्यांचे अनुयायी मोठ्याने आरोळी देत. पंजाबीत तिला ‘कूक’ म्हणतात, म्हणून लोक त्यांना कुके म्हणू लागले. शिकवण साधी होती. नाम घ्या, दारू-मांस सोडा, मुलींचा जीव घेऊ नका, लग्नात उधळपट्टी करू नका. पण त्याचबरोबर त्यांनी सरकारी कोर्ट, शाळा, टपाल आणि विलायती कापडही वर्ज्य केले. तंटे आपसांत मिटवायचे, निरोप आपल्याच माणसाकरवी धाडायचा. ज्यांचे सरकारवाचून काही अडत नाही, अशा लोकांची सरकारला धास्ती वाटणारच. जानेवारी १८७२मध्ये काही कुक्यांनी मलेरकोटल्यावर हल्ला केला. इंग्रज अधिकाऱ्याने ४९ जणांना खटला न चालवताच तोफेच्या तोंडी दिले, दुसऱ्या दिवशी आणखी १६ जण तसेच मारले गेले. रामसिंगांना रंगूनला हद्दपार केले.

आता आपल्या मुलखात येऊ. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेल्या माणिकचे पुढे तुकडोजी महाराज झाले. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. महाराजांच्या खंजिरीवर अमरावती-अकोल्याकडची खेडी डोलत. पण भजन संपले म्हणजे काम संपले, असे नव्हते. गावसफाई, व्यसनमुक्ती, शिवाशीव मोडणे आणि सर्वांनी एकत्र बसून प्रार्थना करणे हाही त्यांच्या भक्तीचाच भाग होता. एकत्र बसणारे गाव एकत्र उभेही राहू शकते, हे सरकारला कळत होते.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि चंद्रपूरकडच्या चिमूरला लोक रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जमाव खवळला. गावकरी मेले, अधिकारी आणि शिपाईही मारले गेले. २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात पकडले. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवून २ डिसेंबरला सोडले.

दोन्ही चळवळींचा काळ वेगळा, धर्म वेगळा. पण माणूस आधी आतून सुधारला आणि गाव आपल्या पायावर उभे राहिले, की परक्या सत्तेची पकड सैल होते, ही समजूत दोन्हीकडे सारखीच होती.

म्हणूनच इंग्रज गेल्यावरही महाराजांचे काम थांबले नाही. ‘ग्रामगीता’ आली ती १९५५ साली, स्वराज्यात. गुरुकुंजाची प्रार्थना आजही गावोगावी होते. प्रार्थनेनंतर गावाच्या नाल्या, दारूचे गुत्ते आणि आपसांतले तंटे यांकडेही आपण वळलो, तर ती पुरी झाली, असे मला वाटते.