पळसाची लाख आणि फेल्टची टोपी

मागच्या अंकात देवरी तालुक्यातील लाख गटाची बातमी आली होती. लाखेचा उपयोग बांगड्या, सील, पॉलिश आणि विलायती टोप्या यांसाठी होतो, असे एक वाक्य तीत होते. ते वाचून काही वाचकांनी पत्रे पाठवली. बांगडी समजली, पाकिटावरचे सील समजले, सुताराचा चपडाही समजला. पण टोपीत लाख कशी आली? प्रश्न रास्त आहे. मी काही वर्षे इंग्लंडमध्ये ल्यूटन या गावी हाताने टोप्या बनवण्याच्या कामात होते, म्हणून उत्तराची जबाबदारी माझ्यावर आली. (ल्यूटन हे टोप्यांचेच गाव. तिथल्या फुटबॉल संघाला लोक आजही ‘हॅटर्स’, म्हणजे टोपीवाले, म्हणतात.)

आपली गांधी टोपी कापडाची असते. ती शिवून होते आणि घडी घालून खिशात जाते. फेल्टची टोपी वेगळ्या जातीची. फेल्ट विणलेले नसते. लोकर किंवा सशाचे केस ओलावा, उष्णता आणि रगडा यांनी एकमेकांत असे गुंतवतात की त्याचा एकजीव थर तयार होतो. काश्मिरी नमदा पाहिला असेल, तर त्याचीच ही बारीक बहीण समजा. टोपीवाल्याकडे हा थर ओबडधोबड घंटेच्या आकारात येतो. त्याला ना कड, ना माप, ना मागचीपुढची बाजू.

तो आकारात आणण्यासाठी लाकडी ठोकळा लागतो. डोक्याच्या भागाचा ठोकळा वेगळा, कडेचा वेगळा. फेल्टला वाफ दिली की ते मऊ पडते. मग ते दोन्ही हातांनी ठोकळ्यावर खाली ओढत आणायचे, सुरकुती राहू द्यायची नाही आणि जिथे डोके संपते त्या रेषेवर दोरीने करकचून बांधायचे. ओढताना घाई करावी लागते, कारण वाफ गेली की फेल्ट ऐकत नाही. वाळवताना मात्र घाई चालत नाही. रात्रभर ते ठोकळ्यावरच राहिले पाहिजे. अर्धवट वाळलेले फेल्ट उतरवले, तर ते हळूहळू जुन्या आकाराकडे परत जाते.

आता लाख. नुसते फेल्ट वाळले तरी मऊच असते. दोनदा हाताळले की कड लोंबू लागते. तिला ताठपणा यावा म्हणून चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून ब्रशने आतल्या बाजूने लावतात. स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा पातळ पापुद्रा तंतूंमध्ये बसून राहतो. लाखेचा मोठा गुण असा की तापवली की ती मऊ होते आणि निवली की पुन्हा घट्ट. म्हणून चपडा लावलेली टोपी चेपली, तरी वाफेवर धरून पुन्हा ठोकळ्यावर चढवता येते. द्रावण जाड झाले तर मात्र ते फेल्टच्या वरच्या बाजूला फुटते आणि चकचकीत डाग पडतात. ते झाकायला फूल किंवा फीत शोधत बसावे लागते.

साहेबी थाटाच्या काही टोप्या तर लाखेवरच उभ्या होत्या. उंच काळी टॉप हॅट आतून फेल्टची नसते. जाडेभरडे कापड चपड्यात भिजवून त्याचे कवच करतात, त्यावर रेशमी मखमल चढवतात आणि गरम इस्त्री फिरवतात. उष्णतेने आतली लाख वितळते आणि मखमल चिकटून बसते. गोल कडक बोलर हॅट १८४९ साली लंडनच्या लॉक अँड कंपनी या दुकानासाठी बनली. तिचा कडकपणाही लाखेचाच. घोड्यावरून जाताना झाडाच्या फांदीने उडू नये आणि डोके वाचावे अशी टोपी एका गिऱ्हाइकाला आपल्या शिकाररक्षकांसाठी हवी होती. आज हीच टोपी बोलिव्हियातील आयमारा आदिवासी स्त्रिया अभिमानाने घालतात.

ठोकळ्यावरून उतरल्यावर बहुतेकांना वाटते, टोपी झाली. खरे काम तिथून सुरू होते आणि कारागीर ओळखला जातो तोही तिथेच. डोक्याचा भाग आणि कड वेगवेगळ्या ठोकळ्यांवर केली असेल, तर ती जोडावी लागतात. कडेच्या आतल्या बाजूला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर फेल्ट वर वळवून ठेवलेले असते. त्यावर डोक्याचा भाग टोपणासारखा बसतो. त्याआधी दोन्हींवर पुढचा आणि मागचा मध्य टाचणीने खुणावून घ्यायचा. ही खूण चुकली तर टोपी जन्मभर तिरकी बघते. जोड बखिया टाक्याने घालतात. टोपीकामाची सुई लांब आणि बारीक असते. अंगुस्तान नसेल तर संध्याकाळपर्यंत बोटाची चाळण होते.

मग कडेला तार. पोलादाच्या बारीक तारेवर सुताचे वेष्टण असते. तिचा मूळचा पीळ आधी बोटांनी मोडून टोपीच्या वळणाचा करून घ्यायचा, नाहीतर ती स्वतःचेच वळण कडेवर लादते. दोन टोके मागच्या बाजूला बोटभर एकमेकांवर चढवायची आणि काजाच्या टाक्याने तार कडेला पक्की करायची. त्यावर फितीची गोट.

टोपीच्या आत, कपाळाला टेकते तिथे, एक फीत असते. बाहेरच्याला ती दिसत नाही, पण माझ्या मते टोपीतली सर्वात महत्त्वाची वस्तू तीच. फेल्ट घामाने आणि वापराने सैलावते. टोपीचे माप टिकवून ठेवते ती ही फीत. तिला पीटरशॅम म्हणतात. तिच्या कडा बारीक दातेरी असतात, त्यामुळे वाफेच्या इस्त्रीखाली तिला गोलाई देता येते. सरळ कडांची साधी फीत वळत नाही, तिला चुण्या पडतात. फितीचा जोड मागे मध्यावर येतो आणि टाके इतके लहान घ्यायचे की बाहेरून एकही दिसू नये. बाहेरची फीत मात्र शोभेची. ती डोके आणि कड यांचा जोड झाकते आणि तिच्या स्वतःच्या जोडावर बो येतो. पुरुषांच्या टोपीवर तो डाव्या बाजूला असतो.

शेवटी बारीक पॉलिशपेपर एकाच दिशेने फिरवायचा, किंचित वाफ द्यायची आणि मऊ ब्रशने लव बसवायची.

या धंद्याची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. सशाचे केस चांगले गुंतावेत म्हणून पूर्वी त्यांना पाऱ्याचे क्षार लावत. ती वाफ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने कारागिरांचे हात थरथरत, बोलणे अडखळे, स्वभाव बदले. अमेरिकेत फेल्टच्या कामातून पारा १९४१ साली बंद झाला. त्याआधी कित्येक पिढ्यांनी दुसऱ्यांच्या डोक्यावरच्या शोभेची किंमत आपल्या शरीराने मोजली.

लाख गटातल्या बायकांना हे सारे सांगितले तेव्हा एकीने विचारले, “ताई, एका टोपीत आमची लाख किती जाते?” मूठभरही नाही, हे खरे उत्तर. शिवाय आता बऱ्याच ठिकाणी स्पिरिटच्या वासाचा त्रास नको म्हणून पाण्यात मिसळणारी खळ वापरतात. टोप्यांवर लाखेचा भाव चढेल, या भ्रमात कोणी राहू नये. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या चपड्याच्याच होत्या. प्लास्टिक आले आणि ती मोठी मागणी गेली. आज चपडा औषधाच्या गोळ्यांवर, मिठाईवर, फळांवर आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये जातो.

देवरीत टोप्यांचा कारखाना का काढत नाही, असेही एका देणगीदारांनी सुचवले आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, पण मला ते पटत नाही. फेल्ट बाहेरून आणायचे, ठोकळे बाहेरून आणायचे आणि गिऱ्हाईकही बाहेरच शोधायचे; यात आपल्या लोकांच्या हातात काय राहिले? शिवणवर्गातल्या मुलींना गोट घालणे, फितीला गोलाई देणे मी शिकवते, कारण ते कोणत्याही शिवणकामात उपयोगी पडते. गटाचे खरे धन पळसावर आहे.

ते धन कसे हातचे जाते, ते सांगते. आपल्याकडच्या पळसावर रंगिनी जातीची लाख येते. वर्षाला तिची दोन पिके. कातकी पीक जून-जुलैत लावतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढतात. वैशाखी पीक तेव्हा लावले की पुढच्या जून-जुलैत येते. लाख लावायची म्हणजे किड्यांची पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतात असलेल्या काड्या छाटणी केलेल्या झाडावर बांधायच्या. पिल्ले कोवळ्या फांद्यांवर पसरतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळ सोडतात. तीच लाख. काडी बांधल्यावर तीनेक आठवड्यांनी रिकामी झालेली काडी सोडवून घ्यावी लागते, नाहीतर तिच्यातली शत्रूकीड झाडभर होते.

अडचण येते ती उन्हाळ्यात. लग्नसराई असते, खरिपाच्या बियाण्याला पैसा हवा असतो आणि घरात काही नसते. मग वैशाखी लाख एप्रिल-मे महिन्यातच कच्ची कापली जाते. कच्च्या लाखेला भाव कमी, वजन कमी आणि सर्वात वाईट म्हणजे तिच्यातून पुढची पिल्ले निघत नाहीत. जुलैत बीज लाख विकत आणावी लागते, तीही मिळाली तर. गावात पळस उभे असतात आणि लाख नसते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

कायद्याचा आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या यादीत लाखेचे नाव स्पष्ट घातलेले आहे आणि ती गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी कुटुंबांचा आहे. केंद्र सरकारने २०२० साली रंगिनी लाखेला किलोमागे २०० रुपये आणि कुसमी लाखेला २७५ रुपये किमान दर जाहीर केला होता. पण मे महिन्यात कच्ची लाख घेऊन एकट्याने व्यापाऱ्याच्या दारात उभे राहिलेल्या माणसाला हा आकडा काय कामाचा?

म्हणून गटाने यंदा दोन गोष्टी ठरवल्या आहेत. प्रत्येक घराने आपल्या पळसांपैकी काही झाडे बीज लाखेसाठी राखायची, त्यांना पावसाळ्यापर्यंत कोयता लावायचा नाही. आणि उन्हाळ्याच्या अडचणीसाठी गटाच्या बचतीतून बिनव्याजी उसनवार द्यायची, ती लाख विकल्यावर फेडायची. कापलेली लाखही लगेच पोत्यात भरायची नाही. ताजी लाख ढिगात गोळा होऊन चिकटते. सावलीत पातळ पसरून ती रोज हलवायची.

या हंगामासाठी गटाला छाटणीच्या कात्र्या आणि बीज लाखेच्या काड्या ठेवण्यासाठी बारीक नायलॉन जाळीच्या पिशव्या हव्या आहेत. पिशवीतून लाखेची पिल्ले बाहेर पडतात, पण शत्रूकिडीचे पतंग आत अडकून राहतात. पिशव्या शिवण्याचे काम शिवणवर्गातल्या मुली करणार आहेत. जाळीचे कापड कोणाला पाठवायचे असल्यास ते ६० मेशचे असावे. त्याहून मोठ्या छिद्रांचे उपयोगी पडणार नाही.