संकेतस्थळाचे दप्तर कोणाच्या हाती?

दलित चळवळीने सत्तेची केंद्रे एकेक करून ओळखली आणि त्यांना प्रश्न विचारले. जमीन, पाणवठा, देऊळ, शाळा, नोकरी, वाङ्मय. परंतु दप्तर हेही सत्तेचे एक केंद्र आहे, ही गोष्ट आपल्या विचारविनिमयात यावी तेवढी येत नाही. गावगाड्यात पाटलाची काठी सर्वांना दिसत होती. कुलकर्ण्याचा बोरू दिसत नव्हता. जोतीराव फुल्यांना तो दिसला. निरक्षर शेतकऱ्याचा घात लेखणीने कसा होतो, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवले.

मी ज्या गावचा, त्या पाथरीचा इतिहास या बाबतीत मोठा बोलका आहे. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते. घराणे मुसलमान झाले, तख्तावर बसले, तरी पाथरीच्या कुलकर्णीपणाची ओढ सुटली नाही. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात वऱ्हाडच्या इमादशाहीकडे पाथरी मागण्यात आली. ती मिळेना, तेव्हा १५१८ साली लढून घेतली आणि तिथला हक्क नातलग ब्राह्मणांच्या स्वाधीन केला. अलीकडे पाथरी म्हटले की लोकांना जानेवारी २०२० मधला साईबाबांच्या जन्मस्थळाचा वाद आठवतो. मला ही लढाई आठवते. तख्त मिळाल्यावरही ज्याच्यासाठी फौज पाठवावीशी वाटली, असे त्या दप्तरात होते तरी काय?

हा प्रश्न जुना झालेला नाही. आज शासनाच्या दप्तराचा वाढता भाग संकेतस्थळावर गेला आहे. शिष्यवृत्तीची जाहिरात, तिची मुदत, वसतिगृहाची प्रवेशयादी, घरकुलाची यादी, नोकरभरती, निविदा, शासन निर्णय हे सारे तिथे. जे तिथे नाही ते जणू घडलेच नाही, आणि जे तिथे चुकीचे आहे ते खरे धरले जाते. या दप्तराला एक कारभारी असतो. त्याच्या पदाचे नाव ‘वेब माहिती व्यवस्थापक’. आपल्या कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांना हे पद ठाऊक आहे, म्हणून हा लेख. मी स्वतः काही वर्षे एका शासकीय कार्यालयात कंत्राटी पद्धतीवर संकेतस्थळाचे काम केले आहे. जे लिहितो ते त्या अनुभवावरून आणि कायदा वाचून.

प्रथम पद समजून घेऊ. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने २००९ साली काढली, पुढे ती सुधारली. तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. त्यांच्यानुसार प्रत्येक विभागाने एक वेब माहिती व्यवस्थापक नेमायचा असतो आणि त्याचा संपर्क संकेतस्थळावर द्यायचा असतो. मजकूर कोणी पुरवायचा, कोणी तपासायचा, कोणी मंजूर करायचा, किती दिवसांनी त्याची फेरतपासणी करायची आणि जुना झालेला मजकूर कुठे जतन करायचा, याचे लेखी धोरण असावे लागते. ते पाळले जाते की नाही हे पाहणे हे या माणसाचे काम. यंत्राशी त्याचा संबंध थोडा. मजकुराच्या खरेपणाशी आणि ताजेपणाशी जास्त.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. जिल्ह्याचे संकेतस्थळ उभे करणारी व चालवणारी यंत्रणा म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, ज्याला सगळे ‘एनआयसी’ म्हणतात. परभणी जिल्ह्याचे संकेतस्थळ याच केंद्राच्या साच्यात बसवलेले आहे; पाथरीसह नऊही तालुक्यांची माहिती त्याच्या पोटात येते. कार्यकर्ता तक्रार घेऊन एनआयसीकडे गेला की उत्तर मिळते, मजकूर आमचा नाही. विभागाकडे गेला की ते म्हणतात, संकेतस्थळ एनआयसीचे आहे. मधल्या मध्ये माणूस फिरत राहतो. याचे उत्तर पानाच्या अगदी तळाशी लिहिलेले असते, तिकडे कोणी पाहत नाही. तिथे मजकुराची मालकी जिल्हा प्रशासनाची आणि तांत्रिक उभारणी केंद्राची, असे स्वच्छ नमूद असते. शेजारी शेवटच्या बदलाची तारीखही असते. तेव्हा मजकुराचा जाब प्रशासनालाच विचारायचा. ही एक ओळ वाचायला शिकलो तरी अर्धी पायपीट वाचेल.

आता प्रत्यक्ष व्यवहार. कागदावर व्यवस्थापक हा अधिकारी असतो. त्याच्याकडे हे काम ‘अतिरिक्त’ असते, म्हणजे आधीची चार कामे सांभाळून पाचवे. कळफलकावर बसलेला असतो तो कंत्राटी ऑपरेटर. विभागाचा लिपिक पत्र तयार करतो, साहेबांची सही होते, ‘संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे’ असा शेरा पडतो आणि कागद स्कॅन होऊन ऑपरेटरच्या मोबाइलवर येतो. मी ज्या कार्यालयात होतो तिथे दोन प्रकारचा मजकूर कधी उशिरा आला नाही: निविदा आणि समारंभांची छायाचित्रे. निविदेच्या मागे कंत्राटदाराचा पैसा उभा असतो, छायाचित्राच्या मागे साहेबाची प्रतिष्ठा. शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीच्या पत्रामागे कोण उभे असते? ते पत्र मुदत संपायला दोन दिवस उरले असताना यायचे, तिरके स्कॅन झालेले, आणि फाइलीचे नाव ‘स्कॅन ००४७’. मी म्हणायचो, निदान मराठीत शीर्षक देऊ, कोणत्या योजनेचे आहे ते लिहू. उत्तर मिळे: आले तसे टाका.

‘आले तसे टाका’ याचा अर्थ नीट समजला पाहिजे. स्कॅन केलेला कागद म्हणजे अक्षरांचे चित्र. शोधयंत्राला तो वाचता येत नाही, म्हणून ‘स्वाधार योजना परभणी’ असे शोधणाऱ्या मुलीला तो सापडत नाही. अंध विद्यार्थी संगणकाकडून मजकूर वाचवून घेतो. त्याच्यासाठी ते पान कोरे. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हे होऊन बसतो. युनिकोडमध्ये टंकलेला, नाव दिलेला, तारीख घातलेला मजकूर आणि हा तिरका स्कॅन, दोन्हींना दप्तरी भाषेत ‘प्रसिद्ध केले’ असेच म्हणतात. कायद्याचे शब्द पाळले जातात आणि माहिती मात्र कोणाच्या हाती लागत नाही. वाचता येणार नाही असे लिहिणे ही कुलकर्ण्याची कला होती. आता त्यासाठी कसलीही कला लागत नाही, नुसता कंटाळा पुरतो.

हे होऊ शकते, करून दाखवता येते, याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकालीन दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. उर्दू आणि मोडी वाचणारे माणसे शोधून आणले, रुमाल सोडले, पाने स्कॅन केली आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्या नोंदी गाववार चढल्या. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेत मी इथे शिरत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, राज्यकर्त्यांना गरज वाटली तेव्हा पाऊणशे-शंभर वर्षांचे दप्तर काही महिन्यांत उघडले.

मग आपल्या मुलांचे काय? अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. पाथरी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती आणि त्या राज्याच्या कारभाराची भाषा उर्दू. ज्या आजोबाला शाळेचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्याच्या नावाचा शाळेचा निर्गम उतारा नातवाने आणायचा. मग उरतो महसुली कागद, तोही उर्दूतला, कुठल्या तरी अभिलेख कक्षातल्या रुमालात. त्या रुमालांमध्ये आपल्या वस्त्यांच्याही नोंदी असणारच. गायरानाचेही तेच. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. कोणत्या गावात कोणाचा दावा मंजूर झाला, कोणाचा कोणत्या कारणाने फेटाळला, याची गाववार यादी संकेतस्थळावर ठेवा, अशी मागणी आपल्या किती संघटनांनी लेखी केली? मोर्चे आपण पुष्कळ काढले; ही मागणी त्या निवेदनांत क्वचितच दिसते.

मुदतीचा प्रश्न तर आमच्या भागात वेगळाच आहे. दसरा-दिवाळीनंतर कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर जाते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. या काळात एखादी प्रारूप यादी प्रसिद्ध झाली आणि हरकतीला पंधरा दिवस दिले, तर हरकत घेणार कोण? म्हातारी आई पाथरीत आहे, तिच्याकडे साधा फोन आहे. संकेतस्थळावर यादी होती, तुम्ही पाहिली नाही, हे उत्तर तिच्या तोंडावर फेकता येते.

पण कायदा हे उत्तर मान्य करत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ सांगते की, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबी न मागता प्रसिद्ध करायच्या; अनुदानाच्या योजना आणि त्यांचे लाभार्थी त्यांतच येतात. माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा रीतीने पोहोचवायची. सूचना फलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा, प्रसारण आणि इंटरनेट, अशी साधने त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच मोजली आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ सुद्धा सेवांची यादी, मुदत आणि जबाबदार अधिकारी हे फलकावर आणि संकेतस्थळावर, दोन्हीकडे मागतो. म्हणजे संकेतस्थळ हे फलकाच्या जोडीला आहे. फलक उतरवण्याचे ते निमित्त नव्हे.

‘जाहीर घोषणा’ हा शब्द वाचला की मला दवंडी आठवते. गावकामगार म्हणून दवंडी देणारा, सांगावा नेणारा, शिवेच्या तंट्यात साक्ष देणारा महार होता. सरकारची वार्ता त्याच्या पायांनी आणि घशाने गावभर जात असे. पण ती काय असावी हे ठरवण्यात आणि लिहिण्यात त्याचा वाटा नव्हता. संकेतस्थळाच्या कचेरीत आज कळफलकावर पुष्कळदा आपलीच शिकलेली मुले बसलेली असतात, कंत्राटावर, आरक्षणाच्या हिशेबाबाहेर. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला आणि विरोध झाल्यावर ऑक्टोबरात तो मागे घेतला. पण बाह्यस्रोताची पद्धत त्याआधीही होती, नंतरही आहे. दवंडी देणाऱ्याच्या हाती यंत्र आले, मंजुरीची सही आली नाही. त्या वतनाची आठवण मला नको आहे, दवंडी मात्र हवी आहे. नगरपरिषदेच्या घंटागाडीवर भोंगा असतोच. यादी लागली, हरकतीची शेवटची तारीख अमुक, एवढे दोन वाक्यांत त्यावरून सांगता येते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळेच उघडे करणे म्हणजे पारदर्शकता नव्हे. २०१७ साली सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने दाखवून दिले की, चार सरकारी संकेतस्थळांवरून सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते. त्यांत रोजगार हमीचे मजूर होते, निवृत्तिवेतनावर जगणारे म्हातारे होते. गरिबाचा खाते क्रमांक चव्हाट्यावर आणि ठेकेदाराचे देयक कपाटात, असा उलटा न्याय आपल्याला नको. लाभार्थ्याचे नाव, गाव, रक्कम दिसावी. आधार आणि बँक खाते झाकावे. हा विवेक करणे हेच व्यवस्थापकाचे खरे काम आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्येही दुरुस्ती केली. तिचा आधार घेऊन उद्या लाभार्थ्यांच्या याद्याच गुंडाळल्या जातील, ही भीती अनेक कार्यकर्ते बोलून दाखवतात. मला ती रास्त वाटते.

तेव्हा करायचे काय, असे विद्यार्थी विचारतात. माहितीचा अर्ज साधा आहे: दहा रुपयांचा मुद्रांक, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, म्हणून मोजके मागावे. वेब माहिती व्यवस्थापक म्हणून कोणाला, कोणत्या आदेशाने नेमले, त्या आदेशाची प्रत. मजकूर मंजुरीच्या आणि फेरतपासणीच्या धोरणाची प्रत. अमुक यादी कोणत्या तारखेला मंजूर झाली आणि कोणत्या तारखेला संकेतस्थळावर चढली, त्याची नोंद. या दोन तारखांमधले अंतर हा आपला मुख्य पुरावा. संकेतस्थळाचे पान दिसेल तसे, तारखेसह, छापून ठेवावे; पान बदलले की ते नंतर मिळत नाही.

उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर पहिले अपील त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे, आणि दुसरे राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. कलम ४ ची अंमलबजावणी माहिती आयोगांनी सतत तपासत राहावी, असे सर्वोच्च न्यायालयाने किशनचंद जैन प्रकरणात ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले आहे. आणि अपिलात एक विनंती न विसरता घालावी: कलम १९(८) खाली आयोगाला एखाद्या प्रकारची माहिती प्रसिद्ध करा, असा आदेश प्राधिकरणाला देता येतो. त्यामुळे मागितलेली यादी फक्त अर्जदाराच्या पाकिटात न येता संकेतस्थळावर आणि तहसीलच्या फलकावर लागावी, असे अपिलाच्या शेवटच्या परिच्छेदात गावाच्या नावासह लिहावे.