तिखटाचा जाळ

लवंगी मिरचीचा ठेचा खाल्ला की तोंडात जाळ होतो, कान तापतात, नाक गळू लागतं. त्या क्षणी जिभेवरची कातडी तपासली तर भाजल्याची खूण कुठेच सापडत नाही. मेंदूला मात्र वर्दी मिळालेली असते ती भाजल्याचीच.

ही वर्दी देणारं द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन. जॉन थ्रेश या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८७६ मध्ये ते जवळजवळ शुद्ध रूपात वेगळं काढून त्याचं नामकरण केलं. तिखटपणा बियांमध्ये असतो असं घरोघरी मानलं जातं, पण कॅप्सेसिन तयार होतं ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढरट गरात. बियांना ते नुसतं माखलेलं असतं.

शरीरात ते नेमकं कुठे जाऊन बसतं, हे कळायला १९९७ उजाडलं. कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या वेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशींमधले जनुकांचे लाखो तुकडे गोळा केले आणि ते कॅप्सेसिनला एरवी दाद न देणाऱ्या पेशींमध्ये घालून पाहिले. कोणता तुकडा घातल्यावर पेशी मिरचीला प्रतिसाद देते, एवढाच शोध. चिकाटीने तो तुकडा सापडला. त्यातून बनणारं प्रथिन पेशीच्या आवरणातलं एक दार असतं. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. खरी गंमत पुढेच उघड झाली. हे दार मिरचीशिवायही उघडत होतं, साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर तापवलं की. म्हणजे हा उष्णतेचा पहारेकरी आहे आणि कॅप्सेसिन त्याला उष्णता नसतानाच जागं करतं. दार उघडताच कॅल्शियम आत घुसतं, चेतातंतू संदेश धाडतो, आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

पाणी प्यायल्याने हा जाळ का शमत नाही, तेही यावरून कळतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. दूध-दह्यातलं केसीन हे प्रथिनही त्याला धरून ठेवतं. कोल्हापुरात तांबड्या रश्श्याशेजारी नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा मांडतात, तो जिभेला उगीच गार वाटत नाही.

आता पोपट मिरची मजेत कशी खातो? पक्ष्यांमध्येही हे दार असतं, पण त्याची घडण थोडी वेगळी, त्यामुळे कॅप्सेसिनने ते उघडत नाही. अ‍ॅरिझोनातल्या रानमिरचीवरच्या अभ्यासात २००१ मध्ये दिसलं, की उंदीरवर्गीय प्राण्यांच्या पोटातून गेलेली बी रुजत नाही, पक्ष्यांच्या पोटातून गेलेली रुजते. म्हणजे तिखटपणा बी नासवणाऱ्यांना दूर ठेवतो. बोलिव्हियातल्या रानमिरच्यांनी त्याचं आणखी एक कारण दाखवलं. किडे फळाला भोकं पाडतात, त्यातून फ्युजेरियम बुरशी शिरते, आणि जिथे हा त्रास जास्त तिथे तिखट झाडांचं प्रमाणही जास्त. मिरचीने हे हत्यार आपल्यासाठी परजलेलं नाही.

मग अपाय? पोटात व्रण मिरचीमुळे होतो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. दिल्लीतल्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये ड्युओडेनल अल्सरच्या ५० रुग्णांवर प्रयोग केला. सगळ्यांना अँटासिड दिलं आणि निम्म्यांच्या आहारात रोज ३ ग्रॅम लाल तिखटाची भर घातली. चार आठवड्यांनी दोन्ही गटांतले ८० टक्क्यांहून अधिक व्रण भरले होते. व्रणांचा मोठा दोष हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूकडे आणि वेदनाशामक गोळ्यांकडे जातो. माझ्या मते एवढ्या पुराव्यानंतर धडधाकट माणसाच्या ताटातली मिरची काढून घेण्याचं कारण उरत नाही. पण हा निवाडा सर्वांना लागू नाही. ही दारं पचनमार्गाच्या शेवटच्या टोकापर्यंत असतात. फिशरच्या, म्हणजे गुदद्वाराला चीर पडलेल्या, रुग्णांवर नागपुरात झालेल्या चाचणीत मिरचीने दुखणं आणि आग वाढल्याचं २००८ मध्ये नोंदवलं गेलं. आधीच दुखावलेल्या जागी तिखट झोंबतंच.

मात्रेचा प्रश्न वेगळा. २००७ मध्ये विक्रमी ठरलेली आसामची भूत जोलोकिया तिखटपणाच्या स्कोव्हिल मापावर १० लाखांच्या वर होती. २०२३ मध्ये पेपर एक्स ही मिरची सुमारे २७ लाखांवर गेली. त्याच वर्षी अमेरिकेत अतितिखट चिप खाण्याच्या आव्हानानंतर १४ वर्षांचा मुलगा दगावला. शवविच्छेदनात मोठ्या प्रमाणातलं कॅप्सेसिन आणि हृदयातला जन्मजात दोष, दोन्हींची नोंद झाली. अशा पैजा मुलांना विकणं मला अक्षम्य वाटतं.

आणि तरीही, अपायाची आपली सगळी चर्चा खाणाऱ्याच्या पोटापाशीच थांबते, हे मला खटकतं. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची उघड्यावर सुकते. अवकाळी पाऊस आला की ती भिजते, आणि नीट न सुकलेल्या मिरचीवर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढली तर अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकतं. यकृताच्या कर्करोगाचं ते सिद्ध झालेलं कारण आहे. तिखटाशी त्याचा काही संबंध नाही. त्याच पथाऱ्यांवर बाया देठ खुडतात, मिरची निवडतात. हातांची आग रात्रीपर्यंत राहते, धुळीने ठसका लागतो, डोळे चुरचुरतात. कातडीतलं दार जिभेतल्यासारखंच आहे, पण जिभेवरचा जाळ काही मिनिटांत ओसरतो, हातांवरचा तासन्‌तास टिकतो. पाण्याने ते द्रव्य निघत नाही. आधी तेल चोळून मग साबणाने हात धुवावे लागतात. हातमोजे, नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क, पथारीवर तेल-साबण आणि मिरची झाकायला पुरेशी ताडपत्री, हा खर्च खुडणाऱ्या बाईच्या मजुरीतून नव्हे, मिरचीच्या भावातून निघायला हवा.