बाळाची वाढ नजरेनं नको, नोंदीनं बघा : बडोद्यानं दिलेलं माप



बोट धक्क्याला लागली की मासळी काट्यावर चढते, डिझेल-बर्फाचा हिशोब वहीत उतरतो. पण घरातल्या तान्ह्या बाळाचं वजन किती वाढलं विचारलं, तर उत्तर येतं, "चांगलं गुटगुटीत आहे की!" वर, वजन केलं की दृष्ट लागते, हा समज. दहा दिवस दर्यावर राहून आलेल्या बापाला तर बाळ दर वेळी मोठंच दिसतं. म्हणून आज हा विषय.

बाळानं कोणत्या महिन्यात काय करावं, याचं माप पूर्वी परदेशातून यायचं. अमेरिकेतली बेली चाचणी डॉक्टर वापरत. आपल्या मुलांचं माप बडोद्यात तयार झालं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी इथल्याच बाळांच्या नोंदींवरून 1970 मध्ये ते बसवलं. त्याला आजही 'बडोदा नॉर्म्स' म्हणतात. त्यातूनच 1991 मध्ये जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतची 54 गोष्टींची बडोदा चाचणी आली. तिरुअनंतपुरमच्या डॉक्टरांनी बडोद्याच्याच मापातून फक्त 17 गोष्टी निवडून एका पानाचा तक्ता केला. तो अंगणवाडीतली ताईसुद्धा पाच-सात मिनिटांत भरू शकते.

आता आपल्या घरचं बघू.

वजन : पहिल्या तीन-चार दिवसांत वजन थोडं उतरतं. जन्मवजनाच्या 10 टक्क्यांच्या आत असेल तर घाबरू नका, साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं. मग पहिले तीन महिने दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढ हवी. 3 किलोचं बाळ पाचव्या महिन्याच्या आसपास 6 किलो आणि वर्षाचं होताना 9 किलोच्या आसपास जातं. मात्र एका आकड्यापेक्षा रेघ महत्त्वाची. माता-बाल संरक्षण कार्डावरची रेघ वर चढत असेल तर ठीक. आडवी झाली किंवा खाली आली, तर बाळ हसत-खेळत असलं तरी दाखवून घ्या.

हालचाल आणि समज : दोन महिन्यांच्या सुमारास बाळ आपल्याकडे बघून हसतं. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरतं. सहाव्यापर्यंत आवाजाकडे वळतं, वस्तूकडे हात नेतं. आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसतं. दोन-चार आठवडे मागंपुढं चालतं. पण तीन महिने झाले तरी हसत नाही, पाच महिने झाले तरी मान धरत नाही, मोठ्या आवाजाला दचकत नाही, तर "याचा बाप पण उशिरानंच चालला होता" म्हणून थांबू नका. ऐकण्यातला दोष पहिल्या काही महिन्यांत सापडला तर बोलणं शिकवता येतं. उशीर झाला की ते अवघड होत जातं.

बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर हालचालींचा हिशोब ठरलेल्या तारखेपासून करा. दोन महिने आधी आलेलं बाळ चौथ्या महिन्यात दोन महिन्यांच्या बाळासारखं वागणार.

आणि हे थांबायचं नाही : दोन महिन्यांच्या आतलं बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त असेल, झटके येत असतील, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर त्याच घडीला दवाखाना गाठा. बोट परत यायची वाट बघू नका.

सोय जवळच आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येते. वजनकाटा तिच्याकडे असतो. मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम, 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम', 2013 मध्ये आपल्याच किनारपट्टीवरच्या पालघरमधून सुरू झाला. त्यात संशय आलेल्या बाळाला पुढच्या मोफत तपासणीसाठी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात.

नाखवा, खलाशी मंडळी, 1 जून ते 31 जुलै बंदीत बोटी किनाऱ्याला असतात. त्या दोन महिन्यांत बाळाचं कार्ड स्वतः हातात घ्या, अंगणवाडीत स्वतः जा. एरवी मासळी विकायला गेलेली आई आणि घरची आजी हे एकट्यानं निभावतात. दर्यावर असाल तेव्हा फोनवर एवढंच विचारा : "या महिन्यात वजन किती भरलं?"

ज्यांच्या घरी पाळणा हलतोय, त्यांच्यापर्यंत हे पोचवा.