आधी पुढचं लाकूड काढून बघा

‘दणका फार देते हो, जुनी आहे ना!’ अमेरिकेतल्या बंदुकांच्या मेळ्यांत ब्राउनिंग ऑटो-५ या छऱ्यांच्या बंदुका मांडलेल्या टेबलापाशी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता ते सुरू व्हायच्या आत माझं तोंड वाकडं होतं. मिनेसोटातला माझा एक शेजारी तर आजोबांची बेल्जियन बारा बोअर ऑटो-५ मिळेल त्या किमतीला काढायला निघाला होता. कारण काय, तर झिजलीय आणि खांदा सुजवते. म्हटलं, विकायच्या आधी दहा मिनिटं दे.

गैरसमज : जुनी ऑटो-५ जास्त धक्का देते, कारण ती जुनी आहे.

वस्तुस्थिती : आधी ही बंदूक चालते कशी ते पाहू. जॉन ब्राउनिंगने १९००मध्ये पेटंट घेतलेल्या या रचनेत बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना अडकलेल्या अवस्थेत चांगले काडतुसाच्या लांबीहून जास्त मागे जातात. मग बोल्ट मागे अडकून राहतो, नळी स्प्रिंगच्या जोरावर एकटी पुढे येते, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. एवढी जड नळी मागे धावत असेल तर तिला ब्रेक हवाच. तो पुढच्या लाकडाखाली दडलेला असतो. मॅगझिनच्या नळकांड्याला बिलगणारी काशाची चिरलेली कडी आणि आतून उतार दिलेली पोलादी कडी, असे त्याचे दोन भाग.

जड काडतुसं वापरायची असतील तर पोलादी कडी स्प्रिंगच्या पुढे, काशाच्या कडीला लागून, उताराची बाजू तिच्याकडे करून बसवायची. मग ती काशाची कडी आवळते आणि नळीचा वेग मोडतो. हलक्या काडतुसांसाठी हीच पोलादी कडी काढून स्प्रिंगच्या मागे, बंदुकीच्या धडाला टेकवून ठेवायची. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत हे चित्रासकट दिलेलं आहे, पण पुस्तिका वाचतो कोण?

शेजाऱ्याची बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, मॅगझिन आणि नळी दोन्हीकडे डोळ्यांनी पाहून आणि बोट घालून. मॅगझिनची टोपी फिरवली, लाकूड उतरवलं. पोलादी कडी स्प्रिंगच्या मागे. म्हणजे बंदूक हलक्या काडतुसांसाठी लावलेली, आणि हा पठ्ठ्या तिच्यात फेझंट पक्ष्यांसाठीची जड काडतुसं घालत होता! नळी जवळजवळ बिनब्रेकची मागे येऊन धडावर आदळायची आणि तो दुसरा ठोका थेट खांद्यात जायचा. बंदुकीचं वय त्यात कुठे आलं?

उलटही घडतं. कडी जड काडतुसांची आणि काडतूस हलकं असेल, तर नळी पुरेशी मागे जात नाही आणि रिकामं काडतूस अडकतं. मग ‘अडकते’ म्हणून तीच बंदूक स्वस्तात निघते. घेणाऱ्याने दोन्ही तक्रारी ऐकून घ्याव्यात आणि टोपी उघडायची परवानगी मागावी. विकणारा नाही म्हणाला तर पुढच्या टेबलाकडे वळावं.

उघडल्यावर बघायच्या गोष्टी तीन. लाकडाला आतून चीर किंवा जुना सरस आहे का? या बंदुकीचं पुढचं लाकूड पातळ असतं, चुकीच्या कड्यांचा मार आधी तिथेच दिसतो. काशाची कडी गुळगुळीत झिजली आहे का? स्प्रिंग मरगळली आहे का? शेवटच्या दोन्ही बदलता येतात. फुटलेलं लाकूड मात्र किमतीतून वजा करा.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

भरपूर तेल दिलं की बरं. मॅगझिनचं नळकांडं तेलात न्हाऊ घालणं म्हणजे ब्रेकला तेल लावणं. पुसट हात पुरे.

काडतूस आत गेलं म्हणजे मापाचं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक १६ बोअर ऑटो-५चं चेंबर ६५ मिलिमीटरचं आहे. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे त्यात सहज जातं. ती लांबी उडाल्यानंतरची असते. उडताना तोंड उलगडतं, पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. गनस्मिथकडून चेंबर मोजून घ्या.

कुठलेही छर्रे चालतात. पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१पासून अमेरिकेत सर्वत्र शिशाला बंदी आहे, म्हणून लोक पोलादी छर्रे भरतात. जुन्या बेल्जियन नळ्यांत ते वापरू नका, असं खुद्द ब्राउनिंग कंपनीच सांगते. नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागाची, म्हणजे चोकची, वाट लागते.

बेल्जियन ते सोनं, जपानी ते पितळ. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून या बंदुका जपानच्या मिरोकूने बनवल्या, आणि उत्तम बनवल्या. बदलता येणाऱ्या चोकच्या जपानी नळीत पोलादी छर्रेही चालतात.

रेमिंग्टन मॉडेल ११ ही नक्कल. ब्राउनिंगच्याच परवान्याने १९०५पासून बनलेली बंदूक आहे ती. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर ब्राउनिंगच्या नावाच्या बंदुकाही रेमिंग्टननेच बनवल्या.

चकाकते ती जपलेली. पॉलिश नव्याने करता येतं. स्क्रूंच्या खाचा बघा. कुरतडलेल्या असतील तर कुणीतरी घरगुती कारागिरी केलेली आहे.

जुन्या सगळ्या सारख्याच. १९११ सालच्या विंचेस्टरला बोल्ट ओढायची मूठच नाही, नळी मागे ढकलावी लागते. काडतूस अडकलं की लोक दस्ता जमिनीवर टेकवून, नळीचं तोंड स्वतःकडे ठेवून ढकलायचे. तिला ‘विधवा करणारी’ म्हणतात ते यामुळेच. भिंतीवर शोभते, तिथेच राहू द्या.

जुनी म्हणजे अँटिक, कायदा लागू नाही. अमेरिकी कायद्यात अँटिकची रेघ १८९८ला आहे. ऑटो-५ बाजारात आली त्यानंतर. भारतातही चालू स्थितीतली बंदूक वापरायची तर परवाना हवाच.

शेजाऱ्याची कडी मी पुढे बसवून दिली. त्यानंतर त्याला बंदुकीच्या पेटीच्या तळाशी आजोबांची उरलेली काडतुसं सापडली, पुठ्ठ्याच्या जुन्या खोक्यात. सगळी हलकी. म्हाताऱ्याने कडी बरोबरच लावून ठेवली होती.